आपोआप भरणारी बादली

गप्पी मासे तुम्ही पाहिले असतील. आरोग्य खात्याची माणसे हे मासे गावच्या हौदात आणि डबक्यात सोडतात. मासा लहान, बोटाच्या एक-दोन पेरांएवढा. नर बारीक आणि रंगीत असतो. मादी फिकी आणि पोटाने मोठी असते. ती अंडी घालीत नाही, जिवंत पिल्ले घालते. डासांच्या अळ्या हे या माशाचे आवडते खाणे. (नदीत किंवा वाहत्या ओढ्यात मात्र हा मासा सोडू नये. तिथल्या मूळच्या लहान माशांना तो जड जातो.)

हल्ली पुष्कळ घरांत मुले हे मासे काचेच्या पेटीत पाळतात. कुठे शाळेतही अशी पेटी असते. आमच्याकडे लोक येतात आणि विचारतात, "गुरुजी, मासे ठीक आहेत, पण पाणी रोज कमी होतंय. पेटी गळते की काय?"

पेटी गळत नसते. पाणी हवेत जात असते.

मग दुसरा प्रश्न येतो. "ते आपोआप भरेल असं काही करता येईल का?"

करता येते, आणि फार खर्चही येत नाही. पण आधी पाणी कसे जाते ते समजून घेऊ. ते न समजता यंत्र बसवले, तर मासे मरतात आणि घरही भिजते.

ओले धोतर दोरीवर टाकले की वाळते. त्यातले पाणी वाफ होऊन हवेत गेले. पेटीतले पाणीही तसेच जाते. अकोल्याला मे महिन्यात कपडे बघता बघता वाळतात. रत्नागिरीला श्रावणात तेच कपडे दोन दोन दिवस ओले राहतात. हवा कोरडी आणि गरम असली, वारा असला, की पाणी लवकर उडते. म्हणून उन्हाळ्यात पेटी लवकर उतरते आणि पावसाळ्यात फारशी उतरत नाही.

किती पाणी उडते, हे घरी मोजता येते. समजा, तुमची पेटी ६० सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. ६० गुणिले ३० म्हणजे १८००. म्हणजे पाणी १ सेंटिमीटर उतरले, की १८०० घन सेंटिमीटर, म्हणजे १ लिटर ८०० मिलिलिटर पाणी गेले. पेटीत ३३ सेंटिमीटर पाणी असेल, तर सगळे मिळून जवळजवळ ६० लिटर झाले. पेटीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवा. पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीने खूण करा आणि तारीख लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा खूण करा. असे ७ दिवस करा. लिहिण्याचा सरावही होईल आणि आपल्या घरचा आकडा आपल्याला कळेल. रोज साधारण अर्धा सेंटिमीटर पाणी उतरत असेल, तर रोज जवळजवळ १ लिटर पाणी जाते असे समजा. पुढचा हिशेब आपण याच आकड्याने करू.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. हवेत जाते ते नुसते पाणी. पाण्यातला क्षार जात नाही, तो मागे राहतो. पेण-उरणकडे मिठागरात मीठ कसे होते? खाडीचे पाणी वाफ्यात घेतात. पाणी उडून जाते आणि मीठ खाली राहते. पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर जमतो, तोही असाच. तुम्ही पेटीत रोज १ लिटर बोअरचे पाणी घातले, तर ६० दिवसांत ६० लिटर जादा पाणी घातले. ते पाणी उडून गेले, पण त्याचा क्षार पेटीतच राहिला. म्हणजे दोन महिन्यांत क्षार दुप्पट झाला! रेषा तर होती तिथेच आहे, पाणीही स्वच्छ दिसते. पण मासे मलूल होतात आणि आपल्याला कारण कळत नाही.

म्हणून पाणी भरणे वेगळे आणि पाणी बदलणे वेगळे. आपोआप भरण्याची सोय कितीही चांगली केली, तरी आठवड्यातून एकदा पेटीतले पाचवा हिस्सा पाणी, म्हणजे १२ लिटर, काढून नवे घालावेच लागते. काढलेले पाणी झाडांना घाला. त्यात माशांची विष्ठा असते, झाडे जोमाने वाढतात. रोजची तूट भरायला पागोळीचे पाणी सर्वांत उत्तम, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतो. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, छप्पर धुऊन निघाल्यावरचे पाणी धरावे.

आता भरण्याच्या रीती पाहू.

सर्वांत सोपी रीत म्हणजे सकाळी एक तांब्या पाणी घालणे. खरे सांगायचे तर एका पेटीला याहून चांगले यंत्र नाही. तांब्या घालताना माणूस माशांकडे बघतो. एखादा मासा आजारी असला, तर त्याच वेळी दिसतो. पण लोक गावाला जातात, सुगीत कामाची घाई असते, आणि तांब्या राहून जातो.

शंकराच्या पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेले असते. त्यातून थेंब थेंब पाणी पडते. काही जण पेटीवर असेच ठिबकते भांडे ठेवतात. त्यात अडचण अशी, की ठिबकणाऱ्या भांड्याला खाली किती पाणी आहे हे कळत नाही. ढगाळ दिवस आला, पाणी कमी उडाले, तरी ते आपले ठिबकतच राहते. आपोआप भरायचे, तर आपोआप थांबायलाही हवे.

थांबणारे भांडे तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यात पाहिले असेल. पाण्याने भरलेली बाटली उलटी करून ताटलीत ठेवतात. बाटलीचे तोंड पाण्यात बुडालेले असते तोवर पाणी खाली येत नाही, कारण आत जायला हवेला वाट नसते. कोंबड्या पाणी पितात, ताटलीतले पाणी उतरते, तोंड उघडे पडते. मग एक बुडबुडा आत जातो आणि तेवढेच पाणी बाहेर येते. पाणी चढून तोंड झाकले, की पुन्हा बंद. माशांच्या पेटीवर २ लिटरची बाटली अशीच उलटी बांधता येते. दोन दिवसांची सोय झाली. हिच्यात बिघडण्यासारखे काही नाही. बाटलीवर ऊन पडू देऊ नये, एवढेच. आतली हवा तापून फुगते आणि पाणी उगाच ढकलते.

यापुढची रीत म्हणजे तरंगता गोळा. दुकानदार त्याला फ्लोट व्हॉल्व्ह म्हणतो, कोणी बॉलकॉक म्हणतो. घरावरच्या टाकीत तो असतो, संडासाच्या फ्लशच्या टाकीत असतो, आणि विदर्भात उन्हाळ्यात घरोघर कूलर चालतात त्यांतही लहानसा असतो. एका दांडीच्या टोकाला पोकळ गोळा बसवलेला असतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाजवळ पाणी येण्याचे बारीक भोक असते आणि त्यावर रबराचा वायसर असतो. पाणी चढले की गोळा तरंगत वर येतो, दांडी वर जाते आणि वायसर भोकावर दाबला जातो. पाणी बंद. पाणी उतरले की गोळा खाली, वायसर सुटतो, पाणी चालू.

एवढासा गोळा नळाचा जोर कसा अडवतो? पहारीने आपण धोंडा उलथतो, तसा. पहार लांब असली की थोड्या जोराने मोठे काम होते. गोळ्याने ३०० ग्रॅम पाणी बाजूला सारले, तर पाणी त्याला ३०० ग्रॅमच्या जोराने वर उचलते. दांडी गोळ्याच्या बाजूला दहापट लांब असेल, तर वायसरवर तोच जोर ३ किलोचा होतो. पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधायला घंगाळात घटिकापात्र सोडीत. ते २४ मिनिटांत भरून बुडे. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूकडून हुशारीने काम करून घेणे आपल्याला नवे नाही.

आता कोणी म्हणेल, नळाला गोळा लावा आणि तो थेट पेटीत बसवा. झाले काम. असे मुळीच करू नका. याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण जंतुनाशक. ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. माणसाला ते आवश्यक आहे. त्या पाण्याने हगवण आणि पटकी टळते. पण त्यातला क्लोरीन माशांचे कल्ले जाळतो. रुंद तोंडाच्या भांड्यात असे पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवले, की क्लोरीन उडून जातो. थेट नळाचे पाणी पेटीत गेले, तर त्याला उडायला वेळच मिळत नाही.

दुसरे कारण म्हणजे नळाच्या पाण्याला अंत नाही. गोळ्याच्या भोकात वाळूचा एक कण अडकला, किंवा क्षाराचा थर बसून दांडी अडली, तर वायसर पुरता बसत नाही. नळातून मिनिटाला ५ लिटर पाणी येत असेल, तर तासाला ३०० लिटर आले. आपली पेटी ६० लिटरची!

म्हणून नळ आणि पेटी यांच्या मध्ये एक झाकणाची बादली ठेवावी. बादली पेटीपेक्षा उंचावर, मजबूत फळीवर. तिच्यात १० लिटर पाणी राहील अशी खूण करा. बादलीच्या तळाजवळून एक बारीक नळी काढून ती पेटीच्या काठावरच्या लहान गोळ्याला जोडा. कूलरचा गोळा चालतो. पेटीतले पाणी थोडे उतरले की बादलीतून थोडे येते. रोज १ लिटर जाते, म्हणजे १० लिटर पाणी १० दिवस पुरते. आता पेटीचा गोळा समजा अडला. काय होईल? फार तर ते १० लिटर पाणी पेटीत येईल. १० लिटर म्हणजे आपल्या पेटीत साडेपाच सेंटिमीटर. म्हणून पेटीच्या काठाखाली ७ सेंटिमीटर जागा मोकळी सोडा. एक थेंबही जमिनीवर पडणार नाही. पाणी शिळवलेले आहे, त्यामुळे मासेही जगतील.

इथवर लोक बरोबर करतात. पुढे मोह होतो. बादली तरी कोणी भरायची? तिलाही नळ जोडू, तिलाही गोळा बसवू, म्हणजे बघायलाच नको.

आमच्या आळीत एका घरी असेच केले होते. नळाचा गोळा बादलीत आणि बादलीचा गोळा पेटीत. नळाचा कॉक कायम उघडा. चार महिने उत्तम चालले. मग घरची सगळी मंडळी लग्नाला गेली. पेटीतल्या गोळ्याच्या भोकात एक लहानशी गोगलगाय अडकली. पाणी पेटीत येत राहिले. बादली रिकामी होऊ लागली, तसा बादलीच्या गोळ्याने आपले काम चोख केले, तो बादली भरत राहिला. पहाटे नळाला पाणी आले, ते तासभर चालले. पेटी भरून वाहिली. क्लोरीनच्या पाण्याने मासे मेले, आणि खालच्या ज्वारीच्या दोन पोत्यांना पाणी लागले. पोती बाजेवर ठेवली असती तर वाचली असती, पण ते अलाहिदा.

या घरात कोणता गोळा बिघडला? एकच, पेटीचा. बादलीचा गोळा शाबूत होता, तरी पूर आला. कारण १० लिटरची जी मर्यादा आपण मुद्दाम घातली होती, ती बादली आपोआप भरू लागताच नाहीशी झाली. मधे बादली असून नसल्यासारखी झाली. शिवाय बादलीत सतत ताजे नळाचे पाणी मिसळत राहिले, ते शिळवले कधी जाणार?

म्हणून आमचे सांगणे असे, की बादली आपोआप थांबावी, पण सुरू मात्र हाताने व्हावी. बादलीवर गोळा जरूर बसवा. त्याच्या मागे पाइपावर एक कॉक ठेवा. आठवड्यातून ठरल्या वारी तो कॉक उघडा. बादली खुणेपर्यंत भरेल आणि गोळा पाणी थांबवील. तुम्हाला तिथे उभे राहायला नको, तेवढ्यात गुरांना वैरण घालून या. आल्यावर कॉक बंद करा. हे बंद करणे विसरायचे नाही. ज्याचे विसरण्याकडे अंग आहे, त्याने घागरीने बादली भरावी, नळ जोडूच नये. भरल्यावर दोन दिवस बादलीकडून पेटीकडे जाणारी नळी चिमट्याने दाबून ठेवा, म्हणजे पाणी शिळवेल. तेवढ्यात पेटी फार तर एक सेंटिमीटर उतरते, त्याने काही बिघडत नाही.

बादलीच्या खुणेच्या थोडे वर एक मोठे भोक पाडून जादा पाण्याची नळी बसवा आणि ती मोरीत किंवा केळीच्या आळ्यात सोडा. ही नळी येणाऱ्या नळीपेक्षा चांगली जाड असावी. येणारे पाणी जोराने येते, जाणारे पाणी नुसत्या उताराने जाते. दोन्ही नळ्या सारख्याच घेतल्या, तर बादली वाहील.

आता एक गोष्ट अशी, जी मासे न पाळणाऱ्यांनीही वाचावी. नळाच्या पाइपाचे टोक बादलीतल्या पाण्यात कधीही बुडू देऊ नका. नळाला पाणी सुटते तेव्हा आधी फुस्स करून हवा येते, हे तुम्ही रोज ऐकता. ही हवा पाइपात कुठून आली? पाणी बंद झाल्यावर पाइपातले पाणी उताराच्या घरांकडे निघून जाते. पाइप रिकामा होताना मागे ओढ बसते, आणि उंचावरच्या उघड्या नळांतून हवा आत ओढली जाते. शहाळ्यात नळी घालून आपण पाणी ओढतो, तशीच ही ओढ. आता नळाचे टोक हवेत असेल, तर हवा ओढली जाईल. टोक माशांच्या पाण्यात असेल, तर ते पाणी ओढले जाईल. आणि दुसऱ्या दिवशी नळ आला, की ते कोणाच्या तरी पिण्याच्या हंड्यात पडेल.

माशांचे पाणी एक वेळ सोडा. गुरांच्या हौदात रबरी नळी बुडवून ठेवायची चाल गावोगाव आहे. हौदात शेण पडते, गुरांची लाळ असते. फवारणीच्या पंपात नळी बुडवून ठेवणारेही आम्ही पाहिले आहेत. ते तर सरळ विष. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून खेड्यांत पुष्कळ नवे नळ आले. जितके नळ अधिक, तितकी ही काळजी अधिक. गोळा असो वा नळी, पाणी पडण्याचे तोंड भरलेल्या पाण्याच्या वर चार बोटे राहिले पाहिजे. जादा पाण्याचे भोक गोळ्याच्या तोंडाच्या चार बोटे खाली पाडले, की हे अंतर आपोआप राहते. काही फ्लोटना आवाज होऊ नये म्हणून खाली एक नळी जोडून देतात. ती काढून टाका. थोडा आवाज होऊ द्या.

बाजारात विजेची तयार साधनेही मिळतात. खाली बादली, तिच्यात छोटा पंप, आणि पेटीत पाण्याची खूण ओळखणारा काटा. ज्यांच्याकडे वीज भरवशाची आहे त्यांनी घ्यावीत. मात्र पंपाच्या नळीचे तोंड पेटीच्या पाण्याच्या वर बांधावे. ते पाण्यात बुडाले, तर बॅरलमधून नळीने डिझेल काढतात त्याप्रमाणे पेटीचे पाणी उलटे बादलीत उतरते.

महिनाभर गावाला जायचे असेल, तर बादली मोठी करण्याचा विचार मनात येईल. ३० दिवसांना ३० लिटर. पण पेटीत मोकळी जागा आहे फक्त साडेबारा लिटरची. बादलीत याहून जास्त पाणी ठेवले, की वर सांगितलेली मर्यादा गेलीच. त्यापेक्षा पेटीवर काच ठेवा, हवेसाठी बोटभर फट सोडा. पाणी फारच कमी उडते. आणि शेजारच्या मुलाला सांगून जा. माशांना खाणे तरी कोणी द्यायचे?

बादली नवी घ्यावी. औषधाचा, खताचा किंवा तेलाचा डबा कितीही घासला तरी वापरू नये. तांब्या-पितळेची घागर भरायला चालेल, पण पाणी तिच्यात साठवू नये. तांबे माशांना बाधते. बादलीच्या झाकणाला भोके पाडून वर पातळ कापड ताणून बांधावे. हवा जाते, डास जात नाही. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. पेटीत गप्पी आहेत, अळ्या खातील. बादलीत कोणी नाही. म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी बादली रिकामी करावी, कडा घासाव्यात आणि मग भरावी. डासांची अंडी पाण्याच्या कडेला भांड्याला चिकटलेली असतात, नुसते पाणी ओतून ती जात नाहीत.

त्याच दिवशी दोन्ही गोळे हाताने एकदा वर-खाली करून पाहा. दांडी सहज हलली पाहिजे. गोळा वर धरला की पाणी पुरते थांबले पाहिजे. थेंब पडत राहिला, तर वायसर काढून बघा. त्यावर भोकाची गोल खूण खोल उमटली असेल, तर तो उलटा करून बसवा. दोन्ही बाजू झिजल्या असतील, तर नवा घ्या. दांडीला पांढरा थर बसला असेल, तर लिंबाच्या रसात तासभर बुडवून ठेवा आणि स्वच्छ पाण्याने धुऊन लावा.